खालच्या सह्या

शहाडच्या विठ्ठलाच्या देवळाला आमच्याकडे बिर्ला मंदिर म्हणतात. नावावरून परगावच्या माणसाची अशी समजूत होते की, आत लक्ष्मीनारायण असणार. आणि गाभाऱ्याशी आल्यावर कमरेवर हात ठेवलेला पंढरीचा गृहस्थ समोर दिसला की तो क्षणभर गोंधळतो. एकादशीला तेथे चांगली गर्दी लोटते. कारखान्याची पाळी संपवून आलेली माणसे, कसाऱ्याच्या गाडीने उतरलेली माणसे, उल्हासनगरची व्यापारी मंडळी, सारी एकाच रांगेत असतात. अशा गर्दीत अभंग ऐकताना एक गोष्ट ध्यानात येते. शेवटच्या चरणाशी आले की म्हणणाऱ्याचा आवाज किंचित बदलतो. ‘तुका म्हणे’ हे दोन शब्द तो नुसते उच्चारीत नाही; कोणाच्या तरी पुढ्यात काही ठेवावे तसे ते ठेवतो. मग उरलेला अभंग त्याला अर्धामुर्धाच पाठ का असेना.

सातवीच्या वर्गातल्या एका मुलीने मला एकदा विचारले होते, “सर, अहंकार सोडा असे सांगणारे संत प्रत्येक अभंगात स्वतःचे नाव कशाला घालतात?” प्रश्न बिनतोड होता. अशा प्रश्नांना ‘पुढच्या इयत्तेत कळेल’ असे उत्तर देण्याची आमच्या पेशात जुनी वहिवाट आहे. पण त्या मुलीच्या चेहऱ्यावर पुढच्या इयत्तेपर्यंत थांबण्याची तयारी दिसेना. तेव्हा मी तिला जे सांगितले ते आजही मला बरोबर वाटते. दारावरच्या पाटीवर नाव असते ते एक, आणि कर्जरोख्याखाली जामिनाचे नाव असते ते दुसरे. पहिल्या नावाने माणूस मोठा होतो. दुसऱ्या नावाने तो सापडतो. अभंगातले नाव हे दुसऱ्या जातीचे आहे. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या ही कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. त्या कथेत बुडवायला लावणाऱ्यांना कवी शोधत फिरावे लागले नाही, कारण प्रत्येक अभंगाखाली पत्ता होता. हे मी म्हणतो, याचे काय होईल ते माझ्यावर, असा त्या दोन शब्दांचा अर्थ आहे.

चोखोबांच्या बाबतीत तर त्या नावाला आणखी एक काम होते. पंढरपूरला देवळाच्या महाद्वाराशी, नामदेवांच्या पायरीजवळ त्यांची समाधी आहे. त्याच्या आत त्यांना जाऊ दिले गेले नाही. पण अभंग आत गेला, आणि अभंगाच्या शेवटी नाव होते म्हणून नावही आत गेले. एखाद्या सोवळ्या गवयाने ‘चोखा म्हणे’ एवढे गाळून चरण सफाईने पुरा केला असता, तर शब्द आत आणि माणूस बाहेर अशी व्यवस्था झाली असती. ती व्यवस्था फार सोयीची असते, आणि जगात पुष्कळ ठिकाणी ती अद्यापि चालू आहे.

एकनाथांची मुद्रा मला सगळ्यांत विचार करण्याजोगी वाटते. ‘एका जनार्दनी’ या मुद्रेत अर्धे नाव आपले, अर्धे गुरूचे. माल कोणाच्या वखारीतून आला हे सहीतच सांगून टाकलेले. जनाबाईंची ‘नामयाची दासी’ हीदेखील त्याच घरातली. पण नाथांकडे पुढे यायचेच आहे.

हा विषय डोक्यात घोळू लागला तो माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यामुळे. तो ऐरोलीकडे एका कंपनीत संगणकाचे काम करतो आणि रात्री, घरची निजानीज झाल्यावर, पगाराशी ज्याचा संबंध नाही असेही थोडे काम करतो. लिनक्स नावाची एक प्रणाली आहे. १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टोरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने ती सुरू केली, आणि तेव्हापासून जगभरची हजारो माणसे तिच्यात भर घालीत आली आहेत. आपल्या खिशातला अँड्रॉइड फोन तिच्याच गाभ्यावर चालतो. ती कोणीही उघडून वाचावी, बदलावी, वाटावी. म्हणून तिला ओपन सोर्स म्हणतात. भर घालावयाची रीत अशी की, जुन्यातली अमुक ओळ काढा आणि तिच्या जागी तमुक घाला, असा एक तुकडा तयार करून पाठवायचा. त्या तुकड्याला ते लोक पॅच म्हणतात. शब्द अगदी चपखल आहे, ठिगळच ते. साऱ्या जगाने मिळून शिवलेली ही एक गोधडी आहे म्हणा ना.

तर प्रश्न असा होता. चार वर्षांपूर्वी कोण्या परदेशी माणसाने एका यंत्राच्या दुरुस्तीचे ठिगळ तयार करून पाठवले होते. ते कोणी लावून घेतले नाही आणि तो माणूसही पुढे दिसेनासा झाला. आमच्या या मुलाला नेमके तेच हवे होते. त्याने ते शोधून काढले, नव्या आवृत्तीला बसेल असे केले, सुमारे तिसरा हिस्सा स्वतः लिहिला आणि ते चालू लागले. ठिगळाखाली मूळ माणसाची एक ओळ होती: ‘साइन्ड-ऑफ-बाय’ आणि पुढे त्याचे नाव. म्हणजे त्याची सही. “सर, ही सही ठेवू की काढू?” एका मित्राने त्याला सांगितले होते, “काढून टाक; मेहनत तुझी आहे.” दुसऱ्याने सांगितले, “राहू दे तशीच, कोण विचारतो?” दोन्ही उत्तरे चुकीची आहेत एवढे त्याला कळत होते, का चुकीची, ते सांगता येत नव्हते. त्यासाठी तो मराठीच्या मास्तराकडे आला, ही गोष्ट मी माझ्या व्यवसायाच्या बाजूने मुद्दाम नमूद करून ठेवतो.

ही सही आली कोठून, ते त्यानेच मला सांगितले. २००३ साली एससीओ नावाच्या एका अमेरिकन कंपनीने आयबीएमवर दावा लावला. आमच्या मालकीच्या युनिक्स प्रणालीतले काम तुम्ही लिनक्समध्ये नेऊन घातले, असा त्यांचा आरोप होता. त्या दाव्याचे गुऱ्हाळ पुढे कितीतरी वर्षे चालले. पण त्यामुळे एक अवघड गोष्ट सर्वांच्या डोळ्यांपुढे आली. हजारो हातांनी शिवलेल्या गोधडीतला कोणता धागा कोणी दिला हे विचारले, तर सांगायचे कोणी? तेव्हा २००४ साली टोरव्हाल्ड्स यांनी नियम घातला की, प्रत्येक ठिगळाखाली ते देणाऱ्याने सही करावी; आणि ज्याच्या-ज्याच्या हातून ते पुढे जाईल त्यानेही आपली सही खाली जोडावी. सहीचा अर्थही लिहून ठेवला. हे मी स्वतः लिहिले आहे आणि देण्याचा मला हक्क आहे. किंवा हे दुसऱ्याच्या कामावर आधारलेले आहे आणि माझ्या माहितीप्रमाणे ते तसे वापरण्याची मोकळीक आहे. किंवा अशीच ग्वाही देणाऱ्या कोणी ते मला दिले आणि मी त्यात फेरफार केलेला नाही. आणि शेवटी, ही नोंद सर्वांना दिसणार व कायम राहणार हे मला ठाऊक आहे.

मराठेशाहीतले कागद ज्यांनी पाहिले असतील त्यांना हे काही नवल वाटणार नाही. मजकुराच्या शेवटी ‘मोर्तब सूद’, मग ‘सुरू सूद’, ‘बार सूद’ अशा दफ्तरातून गेल्याच्या खुणा, कोठे ‘रुजू’, कोठे ‘संमत’. कागद एका हातातून दुसऱ्या हातात गेला की हाताची खूण मागे राहायची. वाड्याच्या भानगडीत, वतनाच्या तंट्यात पुढे शंभर वर्षांनी मजकुराइतकेच, किंबहुना मजकुराहूनही जास्त, या खुणांनी काम केले आहे.

आता मूळ प्रश्न. सही काढली तर काय बिघडते, हे चटकन कळते. त्याला आपल्याकडे चोरी असा साधा शब्द आहे. पण सही तशीच ठेवली तर काय बिघडते, हे कळायला थोडा वेळ लागतो. दिवाळीचे दिवस आहेत, तेव्हा चकलीचे उदाहरण घेऊ. पुष्कळ घरांत भाजणीचे प्रमाण कोणाच्या तरी नावाने चालत आलेले असते: ही मोठ्या वहिनींची भाजणी, ही आत्यांची. तांदूळ इतके, हरभऱ्याची डाळ इतकी, उडीद-मूग इतके, धने-जिरे इतके. समजा, एखाद्या सूनबाईंनी वहिनींच्या भाजणीत चकली खुसखुशीत व्हावी म्हणून मोहन हात सैल सोडून घातले. चकली कढईत पडताच विरघळू लागली. पाहुण्यांना सांगताना मात्र त्या म्हणतात, “वहिनींचीच भाजणी हो!” येथे वहिनींचे नाव घेतलेले आहे, मोठ्या आदराने घेतलेले आहे, आणि तरीही वहिनींवर अन्याय झालेला आहे. न विरघळणाऱ्या चकलीची ग्वाही त्यांनी दिली होती, विरघळणाऱ्या चकलीची नव्हे. लिनक्सवाल्यांच्या नियमपुस्तकात नेमके हेच सांगितले आहे, की दुसऱ्याच्या कामात बदल करून आपल्या चुकांना त्याची संमती आहे असे भासवणे हा फार मोठा असभ्यपणा आहे. पुस्तक यंत्रांचे आणि शब्द आजीच्या तोंडचा.

म्हणजे एका सहीत दोन वेगळी माणसे राहतात. एक श्रेय घेणारा, दुसरा साक्ष देणारा. सही काढली की पहिला मारला जातो. बदल न सांगता ठेवली की दुसऱ्याच्या तोंडी खोटी साक्ष घातली जाते. शाळेत आम्हाला याची रोजची सवय असते. गुणपत्रकाच्या नकलेवर ‘खरी नक्कल’ असा शिक्का मारून मुख्याध्यापक सही करतात, तेव्हा मुलाला गणितात पडलेले एकोणचाळीस गुण योग्यच आहेत असे ते म्हणत नाहीत. नकलेतला आकडा मुळातल्याप्रमाणे आहे एवढेच म्हणतात. सही झाल्यावर कोणी तीनचा आठ केला, तर सही खरी राहून साक्ष खोटी होते. हल्ली पुष्कळ ठिकाणी स्वतःच्याच सहीने साक्षांकन चालते. ते सोयीचे आहे; पण आपल्या कागदाला आपणच साक्षीदार, हे मला अजूनही थोडे विचित्र वाटते.

आणि आता नाथांकडे येतो. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये सिद्ध झाली. ग्रंथाच्या अखेरीस साल सांगितले आहे आणि सच्चिदानंदबाबा आदराने ‘लेखक’ झाले हेही सांगितले आहे. त्या काळी लेखक म्हणजे लिहून घेणारा. रचणाऱ्याचे नाव वेगळे, लिहिणाऱ्याचे वेगळे, आणि दोन्ही ग्रंथात. गंमत अशी की, टोरव्हाल्ड्स यांनी २००५ साली हे सगळे तुकडे सांभाळण्यासाठी ‘गिट’ म्हणून जे साधन केले, त्यातही प्रत्येक बदलामागे दोन नावे ठेवण्याची सोय आहे: बदल रचणाऱ्याचे एक आणि तो वहीत दाखल करणाऱ्याचे दुसरे.

ज्ञानेश्वरीच्या प्रतींवर प्रती होत गेल्या. नकलकार थकत, चुकत. कोणाला एखादी ओवी आपल्या पदरची घालावीशी वाटे. तीनशे वर्षांत पाठ बिघडला. नाथांनी निरनिराळ्या प्रती जमवून तो शुद्ध केला. ते स्वतः केवढे कवी! एखादी ओवी त्यांनी आत सोडली असती तर कोणाला ओळखू आली असती? त्यांनी ते केले नाही. ग्रंथ ज्ञानदेवांच्या नावावरच राहू दिला, आणि शेवटी मोजक्या ओव्या स्वतंत्रपणे लिहून सांगितले की, मूळ ग्रंथ शुद्धच होता, पाठांतराने अबद्ध झाला होता, तो मी, जनार्दनाच्या एकाने, शोधून असा केला. शके १५०६, तारण संवत्सर, भाद्रपद, कपिलाषष्ठी, गोदातटी पैठण. म्हणजे इसवी सन १५८४. आपल्या कामाला त्यांनी ‘लेखनकामाठी’ म्हटले आहे. कामाठी म्हणजे अंगमेहनत, गवंड्याच्या हाताखाली चालते ती. आणि पुढच्यांना बजावले की, यात कोणी आपली ओवी घातली तर त्याने अमृताच्या ताटात करवंटी ठेवली असे समजावे.

लिनक्स ज्या परवान्याखाली वाटले जाते त्याची दुसरी आवृत्ती १९९१ सालची. त्यात एक अट आहे, की बदललेल्या प्रत्येक फायलीत, ती आपण बदलली आणि कोणत्या तारखेला बदलली, हे ठळकपणे सांगावे. आमचा विद्यार्थी ती अट मला नवी म्हणून सांगत होता. मी त्याला पैठणची तारीख सांगितली. तो जरा वेळ गप्प बसला आणि मग त्याने कपिलाषष्ठी म्हणजे नक्की केव्हा, ते विचारले. मुलांना इंग्रजी शाळेत घालणाऱ्या पिढीचा प्रतिनिधी मी नाही, पण त्या वेळी तो मी आहे की काय असे त्याच्या नजरेत दिसले.

सांधा कोठे आहे हे सांगितले की नाव आणि साक्ष दोन्ही वाचतात. भावार्थ रामायण नाथांच्या हातून पुरे झाले नाही. युद्धकांडाच्या चव्वेचाळिसाव्या अध्यायापर्यंत नाथांचे आणि पुढचे गावबाचे, असे परंपरा सांगत आली. त्यामुळे गावबाही जिवंत राहिला आणि नाथांच्या माथी न लिहिलेले अध्यायही आले नाहीत. उलट उदाहरण नामदेवांच्या गाथ्याचे. विष्णुदास नामा हा पुष्कळ नंतरचा, नाथांच्या काळाजवळचा कवी. ‘नामा म्हणे’ ही मुद्रा दोघांच्या ओठी. नकलकारांनी सांधा सांगितला नाही. अभंग एकमेकांत मिसळले, आणि हा नामा कोणता व तो कोणता हे निवडीत अभ्यासकांच्या पिढ्या खर्ची पडल्या. एकाचे श्रेय गेले, दुसऱ्याच्या पदरी आपले नव्हे ते पडले. यात कोणी लबाडी केली असेही नाही. केवळ आळस पुरला.

दुसऱ्याची सही आपल्या कामाखाली घालणे हाही एक प्रकार आहे, आणि तो आमच्या शेजारचा आहे. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित येऊन राहिले, १९४९ साली त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले, आणि रिकाम्या हातांनी आलेल्या त्या लोकांनी तेथे उद्योग उभे केले. तेथल्या मालावरच्या ‘मेड इन यूएसए’ या छापाचा अर्थ ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ असा आहे, ही थट्टा कल्याण-डोंबिवलीत जुनी आहे. थट्टा करणारे गिऱ्हाइकाची फसवणूक पाहतात, आणि ती खरीच आहे. पण मला त्यात कारागीरही दिसतो. माल चांगला निघाला तर तो अमेरिकेचा, आणि फाटला तरच त्याचा! आपल्या हाताने केलेल्या कामावर आपले नाव घालण्याची छाती होऊ नये, असे बाजाराने त्याला करून सोडले.

यावर एक आक्षेप येतो आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. हे काम फुकट दिलेले आहे ना? घ्या, बदला, वाटा असे देणाऱ्यानेच म्हटले आहे ना? मग नावाचा एवढा बाऊ कशाला? विहीर खणून दिल्यावर प्रत्येक घागरीवर खणणाऱ्याचे नाव हवे काय? मला वाटते, घागरीवर नको. पण विहिरीवर असले तर ते उकरून काढण्याचा अधिकार पाणी भरणाऱ्याला नाही. गुप्तदान ही मोठी गोष्ट आहे, मात्र ते गुप्त ठेवायचे की नाही हे देणाऱ्याने ठरवायचे असते. घेणाऱ्याने परस्पर दुसऱ्याचे दान गुप्त करून टाकावे, याला आपल्या कोणत्याही शास्त्रात पुण्य सांगितलेले नाही. शिवाय पाणी खारे निघाले तर विचारायचे कोणाला, हाही प्रश्न उरतोच.

एवढ्यावर सगळे मिटले असे मात्र नाही. किती बदलले म्हणजे मूळ माणसाची साक्ष संपते? तिसरा हिस्सा बदलला तर उरते. नऊ दशांश बदलला तर? मला वाटते तेथे त्याची सही ठेवणे हेच खोटे होईल; तेथे कल्पना त्याची एवढे सांगून साक्ष आपली एकट्याची द्यावी. रेघ नेमकी कोठे ओढायची याचे माप माझ्यापाशी नाही. नियमपुस्तकाने येथे शहाणपणाने फार बारीक मोजमाप टाळले आहे. हे ठरवण्याची पाळी ज्याच्या हाती तुकडा आहे त्याच्यावरच येते, आणि तो तर पक्षकार असतो.

आमच्या विद्यार्थ्याने शेवटी असे केले. रचणाऱ्याच्या जागी मूळ माणसाचेच नाव ठेवले. त्याची सही जशीच्या तशी ठेवली. तिच्याखाली, त्यांच्या रीतीप्रमाणे, चौकोनी कंसात एक ओळ लिहिली की, अमक्याने नव्या आवृत्तीसाठी हे-हे बदलले आहे. आणि त्याखाली आपली सही. मूळ माणसाला त्याच्या जुन्या पत्त्यावर कळवले. उत्तर आले नाही. तुकडा अजून मुक्कामाला पोचलेला नाही. वरच्या मंडळींनी दोन शंका काढल्या आहेत. दोन्ही शंका आमच्या मुलाच्या बदलांविषयी आहेत, आणि कंसातल्या ओळीमुळे त्या त्यांनी थेट त्यालाच विचारल्या. चार वर्षांपूर्वीच्या त्या अनोळखी माणसाचे नाव त्यात कोठे आले नाही. मुलगा थोडा हिरमुसला आहे. पण रात्री बसून उत्तर लिहितो आहे.

त्याने जाता जाता आणखी एक गोष्ट सांगितली. पूर्वी त्यांच्या नियमात असे होते की, सहीला खरे नावच हवे, टोपणनाव चालायचे नाही. २०२३ साली ते सैल केले: ज्याने माणूस ओळखला जातो असे नाव असले म्हणजे झाले, निनावी मात्र नको. मला एकदम आपले जुने महजर आठवले. गोतसभेचा निवाडा झाला की खाली साऱ्यांच्या साक्षी पडत. कुळकर्ण्याला अक्षर येई. पाटलाला बहुधा येत नसे, तो नांगर काढी. शेट्याचा तराजू, न्हाव्याचा आरसा, सुताराचे हत्यार. त्या कागदाची पुढे नक्कल करण्याची वेळ आली की नकलनवीस मजकूर भराभर उतरून काढी आणि शेवटी त्या चित्रांशी येऊन थांबे. त्याला लिहिता येत होते, पाटलाचे नावही ठाऊक होते; तरी नावावर तो भागवीत नसे. चित्र काढायला जमले नाही तर निदान ‘निशाणी नांगर’ एवढी अक्षरे तरी तो त्या जागी लिहून ठेवी. राजवाड्यांच्या खंडांतून छापलेल्या कागदांखाली ती आजही तशीच वाचायला मिळतात.